शीव पुसली, तळे उरले : इंदूरच्या तलावकाठच्या गावांचे विलीनीकरण



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला अक्षर शिकवले आणि अक्षराबरोबर आपल्या गावाकडे पाहायलाही शिकवले. त्यामुळे आजच्या विषयासाठी मी दूर गेलो नाही. मी मराठी भाषेचा अध्यापक. इतिहास हा माझा अध्ययनाचा विषय, अधिकाराचा नव्हे. परंतु शब्दांच्या मागे मागे चालत गेले की माणूस इतिहासाच्या अंगणात जाऊन पोचतो, असा माझा अनुभव आहे. आज ज्या शब्दाच्या मागे जायचे आहे तो शब्द ‘शीव’.

संस्कृत ‘सीमा’ या शब्दापासून मराठीत ‘शीव’ आली आणि शिवेच्या आत जे पिकते ते ‘शिवार’ झाले. आपल्या माळव्यात याच अर्थाने ‘कांकड’ म्हणतात. जुन्या मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानले जात : वस्तीची ‘पांढरी’ आणि पिकाची ‘काळी’. पांढरीभोवती गावकूस असे, काळीच्या कडेला शीव असे, आणि त्या दोहोंमध्ये गायरान, पाणंद, पाणवठा आणि तळे. शेवटच्या या चार गोष्टींचा धनी कोणी एक नसे. त्या सर्वांच्या असत, म्हणून त्यांविषयीचा निर्णयही सर्वांनी बसून घ्यावा लागे.

शीव पुसली जाते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. मुंबई बेटाची हद्द जेथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होई, त्या जागेला लोक ‘शीव’ म्हणत. १९५० आणि १९५७ साली बृहन्मुंबईचा विस्तार झाला आणि हद्द उत्तरेकडे फार दूर गेली. शीव मात्र शहराच्या पोटात नाव होऊन राहिली. आज तेथे उतरणाऱ्या प्रवाशाला आपण एका जुन्या सीमेवर उभे आहोत याची कल्पनाही नसते. नाव टिकले, पण नावातला अर्थ गेला. खेडे शहरात विलीन होते तेव्हा बहुधा हेच घडते. आपल्या इंदूरलगतच्या तलावकाठच्या गावांचे असेच झाले, आणि त्याची हकीकत मला आज सांगावयाची आहे.

इंदूरचे स्वतःचे खेडेपण

आज जे इंदूर चारी दिशांची गावे आपल्यात सामावून घेत आहे, ते एके काळी स्वतः खेडे होते, ही गोष्ट फारशी आठवली जात नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी परगण्याचे ठाणे कंपेल येथे होते आणि इंदूर हे त्या परगण्यातले एक गाव. जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांच्या घराण्याने खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठी वस्ती वाढवली, माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला, आणि परगण्याचे ठाणे कंपेलहून इंदुरास आले. १८१८च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानीही येथे स्थिरावली. कंपेल मागे पडले. त्याच्याविषयी आज कोणी हळहळत नाही, कारण हळहळ करण्याइतकी त्याची आठवणच उरलेली नाही. गावांचे चढउतार असेच होतात. म्हणून आजच्या विलीनीकरणाकडे पाहताना केवळ रडगाणे गाण्यात अर्थ नाही, हे मी आरंभीच स्पष्ट करतो.

आपल्या मानपूरला तर हद्दींचा खेळ नवा नाही. चहूबाजूंनी संस्थानी मुलूख आणि मधोमध मानपूरचा परगणा मात्र थेट इंग्रजी अंमलाखाली, अशी विचित्र स्थिती येथे होती. मुंबई–आग्रा रस्त्याने जाणारा वाटसरू काही कोसांत एका राज्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असे. पुढे संस्थाने विलीन झाली. १९४८ साली मध्यभारत आणि १९५६ साली मध्य प्रदेश झाला. जमीन जागच्या जागी राहिली. तिच्यावरचा अंमल तेवढा बदलत गेला. हे ज्यांनी पाहिले त्यांच्या वारसांना विलीनीकरणाचे मर्म समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तहानलेले शहर आणि तळ्याकाठची गावे

इंदूरच्या वाढीला पहिल्यापासून एकच गोष्ट अडवीत आली, ती म्हणजे पाणी. शहर माळव्याच्या पठारावर, नद्या लहान, उन्हाळ्यात त्यांचा ओघळ होऊन जाणारा. १८७० साली नगरपालिका स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी कापड गिरण्या वाढू लागल्या, मजुरांची वस्ती वाढली आणि पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. होळकर दरबाराने त्यावर जुनाच पण शहाणपणाचा उपाय केला. शहराबाहेरच्या उतारांवर बांध घालून पावसाचे पाणी अडवले. खंडव्याच्या वाटेवर बिलावली, तिच्या वरच्या अंगाला लिंबोदी, धारेच्या वाटेवर सिरपूर अशी तळी त्या काळची आहेत. पुढे १९३०च्या दशकात गंभीर नदीवर यशवंतसागर झाला. येथे मानपूरचा संबंध थेट येतो. ज्या जानापाव डोंगरावर चंबळेचा उगम आहे, त्याच डोंगराच्या परिसरात गंभीरही उगम पावते. इंदूरच्या घागरीत पडणाऱ्या पाण्याचा एक धागा असा आपल्या उंबऱ्याशी बांधलेला आहे.

तळी बांधली राजाने, पाणी प्याले शहर; पण तळ्याशी रोजचा व्यवहार राहिला तो काठच्या गावांचा. गुरे पाणवठ्यावर उतरायची, विहिरींना पाझर लागायचा, मासेमारी चालायची, आणि पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर ‘गाळपेर’ व्हायची. ‘गाळपेर’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तळे भरलेले असताना ते पाण्याचे आणि आटू लागले की पिकाचे, अशी ऋतुमानाची वाटणी त्या एका शब्दात आहे. शहराच्या शब्दकोशात त्याला प्रतिशब्द नाही, कारण शहराला भरलेले तळे हवे असते. आटणारे तळे ही त्याच्या दृष्टीने केवळ आपत्ती.

१९१७ साली पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरास आले आणि १९१८ साली त्यांचा विस्तृत अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगचे भय होते. गेडिसांनी दिवाळीच्या सुमारास एक मोठी मिरवणूक काढवली. ती ठराविक राजमार्गाने न जाता ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ असतील त्या आळ्यांतून जाईल, असे जाहीर केले. घरोघर झाडलोट झाली, मिरवणुकीत उंदराचा राक्षस निघाला आणि लोकांनी शहर आपल्या हाताने साफ केले. या प्रसंगातील विनोद बाजूला ठेवला तरी त्यातले तत्त्व विसरू नये. आपल्या वस्तीविषयी आपल्यालाही काही ठरवता येते असे लोकांना वाटले, की ते तिची निगा राखतात.

स्वातंत्र्यानंतर तळी अपुरी पडू लागली. १९५६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याची चढण पार करून नर्मदा शहरात आली. इंदूरच्या इतिहासातली ही अभिमानास्पद घटना आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला की शहराचे तळ्यांकडचे लक्ष उडाले. ज्याची तहान दुरून भागते त्याला दारातल्या पाण्याची किंमत राहात नाही. तळ्याच्या वरच्या अंगाची जमीन, जिला आपण पाणलोट म्हणतो, ती हळूहळू ‘प्लॉट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. पाणी वाहून आणणाऱ्या चरांच्या वाटेत वसाहती आल्या. भाषेचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन की ‘लोट’ जाऊन ‘प्लॉट’ आला तेव्हाच तळ्याचे भवितव्य ठरले.

२०१४ चे विलीनीकरण

२०१४ साली इंदूर महानगरपालिकेची हद्द वाढली आणि २९ गावे शहरात समाविष्ट झाली. कनाडिया, निपानिया, पालदा, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना, तलावली चांदा ही त्यांतली काही नावे. बिलावली आणि लिंबोदी ही तळ्याकाठची गावेही त्यांत होती. शहराचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झाले आणि प्रभागांची संख्या ६९ वरून ८५ झाली. ग्रामपंचायती विसर्जित झाल्या, दप्तरे महानगरपालिकेकडे गेली. ‘तलावली’ या नावात तर तळे स्वतःच बोलते आहे. तेही आता प्रभागाच्या यादीत जाऊन बसले.

या विलीनीकरणाचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ते, दिवे, नळ, भुयारी गटारे यांची अपेक्षा बाळगणे हा खेड्यातल्या माणसाचाही हक्क आहे. शहराची वस्ती गावाच्या अंगणापर्यंत आधीच येऊन ठेपली होती आणि तिचा भार पेलण्याची शक्ती पंचायतीत नव्हती, हेही खरे. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना तिचे मोल आले. परंतु ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, ज्यांचा गावाशी संबंध गायरानातून, पाणवठ्यातून आणि वहिवाटीतून होता, त्यांच्या हाती काय आले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी आपल्या राज्यघटनेच्या दोन अनुसूची शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. १९९३ साली ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. पहिलीने पंचायतींना आणि दुसरीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत. त्यांत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास हा एक विषय आहे आणि मत्स्यव्यवसाय हा दुसरा. बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांसाठी १८ विषय आहेत. तेथे पाणीपुरवठा आहे, पर्यावरणाचे रक्षण आहे, उद्याने व क्रीडांगणे आहेत. मत्स्यव्यवसाय मात्र नाही, पाणलोटही नाही. म्हणजे गाव शहरात गेले त्या दिवशी तळे जागचे हलले नाही, पण ते एका अनुसूचीतून दुसरीत गेले. काल ते सिंचनाचे, माशांचे आणि गुरांचे होते. आज ते पुरवठ्याचे आणि फिरायला जाण्याचे झाले. काल लोक तळ्यावर ‘जगत’ होते, आज ते तळे ‘पाहू’ लागले. क्रियापद बदलले, आणि क्रियापद बदलले की वाक्याचा कर्ताही बदलतो.

कर्ता कसा बदलला तेही पाहू. ग्रामसभा म्हणजे गावातले सर्व मतदार. आपल्या राज्याने २००१ साली ‘ग्रामस्वराज’ व्यवस्थेद्वारे ग्रामसभेला अधिक अधिकार दिले होते. पंचायतीत सरपंचाखेरीज किमान दहा पंच असतात. त्यांतला एखादा तळ्याकाठच्या आळीचा, एखादी पंच भूमिहीन घरातली, असे घडू शकते. प्रत्यक्षात पंचायती आदर्श चालत असे मी म्हणणार नाही. तेथेही दांडग्याचा शब्द चालतो. पण अडलेल्या माणसाला उभे राहून बोलायला जागा होती. महानगरपालिकेत एका नगरसेवकामागे सरासरी वीस हजारांहून अधिक माणसे येतात. गावाचा प्रश्न तेथे खोटा ठरत नाही, तो फक्त लहान ठरतो.

पुणे आणि फिनलंड

ही कथा एकट्या इंदूरची नाही. पुण्याजवळच्या कात्रज येथे नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी बंदिस्त नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांत नेले. १९९७ साली पुण्याची हद्द वाढली तेव्हा कात्रजही शहरात आले. जे गाव अडीचशे वर्षे शहराला पाणी देत होते ते शेवटी त्याच शहराचा एक भाग झाले. उलट उदाहरणही तेथलेच आहे. २०१७ साली पुण्यात गेलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०२४ साली पुन्हा बाहेर पडली आणि त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. विलीनीकरण ही विधिलिखित गोष्ट नाही, माणसांनी घेतलेला तो निर्णय आहे, एवढे यावरून समजते.

याहून दूरचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. फिनलंड हा सहस्र सरोवरांचा देश म्हणून ओळखला जातो. तेथे पायान्ने नावाच्या विस्तीर्ण सरोवरात सायनात्सालो नावाचे बेट आहे. प्लायवूडच्या कारखान्याभोवती वसलेल्या त्या गावाला १९२४ साली स्वतंत्र स्थानिक शासन मिळाले. वस्ती उणीपुरी तीन हजारांची. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गावाने स्वतःसाठी नगरभवन बांधायचे ठरवले आणि ते काम अल्वार आल्तो या थोर वास्तुकाराने १९५२च्या सुमारास पूर्ण केले. तांबड्या विटांची ती लहानशी वास्तू, तिच्यात ग्रंथालय, आणि सर्वांत उंच जागी गावाच्या सभेचे दालन. एवढ्याशा गावाला इतके उंच दालन कशाला, असे विचारले तेव्हा आल्तोने इटलीतल्या सिएना नगराच्या सभागृहाचा दाखला दिला आणि आपल्या गावाचे दालन त्याहून हातभर उंच असावे असे सुचवले, अशी आख्यायिका आहे. भावार्थ असा की लोक एकत्र बसून ज्या जागी निर्णय घेतात ती जागा वस्तीच्या आकाराने मोजायची नसते.

१९९३ साली ते गाव शेजारच्या युवास्कुला शहरात विलीन झाले. २००९ साली त्याच सरोवराकाठची कोर्पिलाहती ही ग्रामीण पालिकाही त्याच शहरात गेली. तेथे खेड्यांतली वस्ती घटत चालली, वृद्ध वाढले, शाळा-दवाखान्यांचा खर्च झेपेना, म्हणून बहुतेक विलीनीकरणे झाली. आपल्याकडे गाव गर्दीने बुडते, तेथे ओसाडीने. कारण उलटे, शेवट एकच. पण दोन गोष्टी तेथे निराळ्या आहेत. एक, अशा विलीनीकरणांवर सामान्यतः त्या त्या पालिकेच्या सभेत चर्चा आणि मतदान होते. आपल्याकडे शासनाची अधिसूचना निघते आणि हरकतींची मुदत पडते. दुसरी गोष्ट अशी की सभा संपली तरी सभेचे दालन उरले. जगभरचे लोक आज ते पाहायला जातात आणि येथे एक गाव स्वतःचा कारभार करीत होते हे त्यांना कळते. आपल्या २९ गावांत असे काय उरले आहे?

काय जपावे?

उरण्याजोगे पुष्कळ आहे, पण ते विटांत नाही, कागदांत आणि तोंडी आहे. आपल्या राज्याच्या १९५९च्या भू-राजस्व संहितेत ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ अशा दोन दस्तऐवजांची तरतूद आहे. पहिल्यात गावाच्या सामाईक जमिनींचा, म्हणजे चराई, सरपण वगैरेंचा वापर कसा व्हावा हे असते. दुसऱ्यात सिंचनाच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढ हक्कांची नोंद असते. नाव फारसी, भाषा कचेरीची, पण आशय अस्सल गावचा. कोणी कोणत्या वाटेने गुरे न्यायची, पाणी कोणी कधी घ्यायचे, हे वाद न करता पिढ्यान्‌पिढ्या चालावे म्हणून केलेला हा लेखी समझोता आहे. शिलालेखांइतकाच मी त्याला इतिहासाचे साधन मानतो. गाव प्रभाग झाले की या कागदांकडे कोणी वळून पाहात नाही. ते जीर्ण झाले तर बिलावलीच्या काठी कोणाची काय वहिवाट होती हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

तळी वाचवता येतात, याचा पुरावाही इंदूरनेच दिला आहे. सिरपूरच्या तळ्यासाठी चित्रकार व छायाचित्रकार भालू मोंढे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. २०१६ साली मोंढे यांना पद्मश्री मिळाली. २०२२ साली सिरपूर आणि यशवंतसागर ही दोन्ही स्थळे रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत आली, आणि २०२५ साली उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ नगराचा बहुमान लाभला. हे यश लहान नाही. मात्र पक्ष्यांची यादी तयार झाली, तशी माणसांचीही व्हावी, एवढीच माझी मागणी आहे. तळ्यावर कोणते पाहुणे पक्षी उतरतात हे आपल्याला ठाऊक झाले. तळ्यावर कोणत्या घरांचे पोट होते, हे सांगणारी यादी अजून व्हायची आहे.

आता इंदूर, उज्जैन, देवास, धार या परिसराचे महानगर क्षेत्र आखण्याचे काम चालू आहे. मानपूर आज स्वतंत्र नगरपरिषदेचे गाव आहे. ते उद्या कोणत्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवले जाईल हे भाकीत करण्याचा माझा व्यवसाय नाही. पण हद्दी सरकतात, हे आपण आज पाहिले. सरकणारी हद्द अडवणे शाळेच्या हातचे नाही. तिच्या आत काय होते ते लिहून ठेवणे मात्र पूर्णपणे शाळेच्या हातचे आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी : मानपूर आणि भोवतालच्या गावांच्या शिवाराची एक वही करावी. प्रत्येक शेताचे, नाल्याचे, टेकडीचे, पाणवठ्याचे लोकांच्या तोंडी असलेले नाव, ते माळवीत, भिली बोलीत, मराठीत वा हिंदीत जसे असेल तसे, उतरवून घ्यावे. त्या जागेचा वापर कोण करी, कोणत्या ऋतूत करी, तंटा झाला तर तो कोठे बसून मिटे, हेही लिहावे. निस्तार पत्रकांच्या प्रती मिळवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. खर्च थोडा आहे, वेळ मात्र फार उरलेला नाही, कारण ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे माझ्या वयाची आहेत.

विलीन होणे ही आपल्या परंपरेत वाईट गोष्ट मानलेली नाही. मीठ पाण्यात विरघळते, नदी सागरात जाते, असे दाखले आपल्या संतांनी मोठ्या आनंदाने दिले आहेत. परंतु विरघळलेल्या मिठाची चव पाण्याला कळते. गाव शहरात जावे, अवश्य जावे; फक्त शहराला त्याची चव कळली पाहिजे. ती कळण्याची व्यवस्था करणे हे शिकलेल्यांचे काम आहे, आणि ज्या गुरुजनांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत, त्यांचे ऋण थोडेफार फेडण्याचा तो एक मार्ग आहे.